‘थांबलेलं पाणी’, नव्यानं साफ केलेलं

ओव्हिदियो तेस्सारीच्या एकुलत्या एका रेकॉर्डला लोक चाळीस वर्षांनी शिव्या घालायला लागले, तेव्हा त्याला मनापासून आनंद झाला. शिव्या घालायला का होईना, माणसं ऐकत तरी होती.

रोसारियो शहरात त्याला ओळखत होते ते धुलाईयंत्रं दुरुस्त करणारा म्हणून. तरुणपणी तो ‘लोस देल मुएये’ नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. धक्क्यावरची पोरं, असा त्या नावाचा अर्थ, आणि ती खरंच नदीकाठच्या धक्क्यावरची पोरं होती. सत्त्याहत्तर साली त्यांनी ‘थांबलेलं पाणी’ नावाची एक रेकॉर्ड काढली. ती खपली नाही, बँड फुटला. गाणारा आणि गिटार वाजवणारा आमिल्कार बार्सिलोनाला निघून गेला आणि तिकडेच वारला. बास गिटार वाजवणाराही गेला. मग कधीतरी जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्या वेड्या लोकांना ती सापडली आणि तिचं नाव व्हायला लागलं. शेवटी ब्वेनोस आइरेसच्या एका छोट्या कंपनीनं मूळ टेपा शोधून काढल्या. हिमेना नावाच्या मुलीनं त्यांच्यावरची चाळीस वर्षांची धूळ उतरवली, आणि ‘थांबलेलं पाणी’ नव्यानं साफ होऊन इंटरनेटवर आलं.

रोज दुपारी शाळेतून आल्यावर मिर्ना, त्याची मुलगी, माते, हा तिकडचा कडू काढा, पीत पीत त्याला लोकांची मतं वाचून दाखवायची. ती भूगोल शिकवायची आणि वर्गातल्यासारखीच मोठ्यानं वाचायची, कारण झांजांनी ओव्हिदियोचे कान खाऊन टाकले होते. जाड, खालचे आवाज त्याला बरे ऐकू यायचे. बारीक, उंच आवाज मात्र गेलेच होते. दारावरची घंटा गेली, पाखरं गेली.

“हे ऐक, पपा. मेंदोसाचा कोणी आहे. म्हणतोय, ‘ड्रम असे वाजतात, जणू शेजारच्या गल्लीत कोणी गादी झोडतंय.’”

“बरोबर आहे. त्या स्टुडिओत गाद्याच लावल्या होत्या भिंतींना.”

“‘जुनी तबकडी खरखरायची, पण तिच्यात जीव होता. ही म्हणजे इस्पितळातली चादर.’ त्याला एकीनं उत्तर दिलंय, ‘खरखर एवढी आवडत असेल तर तव्यावर कांदे परतत बस.’”

ओव्हिदियो हसून हसून खोकायला लागला.

“आणि हा बघ. ‘ड्रम वाजवणारा गाढव आहे, पण माझ्या आवडीचं गाढव आहे.’”

“हा माणूस सज्जन आहे,” ओव्हिदियो म्हणाला. “पुढचं?”

मिर्नानं पुढचं आधी मनातच वाचलं. “‘चौथ्या गाण्यात गिटार थांबते, तिथं मागं ती बाई कोण आहे?’”

“कुठली बाई? आमच्यात बाई नव्हती.”

चौथं गाणं ‘उत्तरेची खिडकी’. त्याच्या मधोमध सगळं निवतं. नुसता बास चालू राहतो आणि ओव्हिदियो झांजेला काडीनं हलकं गोंजारतो. आमिल्कारच्या हट्टामुळं ती शांतता तिथं आली होती. मिर्नानं ते गाणं लावलं, कानावर ऐकण्याची साधनं चढवली आणि डोळे मिटले. ओव्हिदियो तिच्या तोंडाकडे बघत बसला. बघता बघता तिच्या तोंडावरचं हसू विरून गेलं.

“काय आहे?”

“आहे कोणीतरी,” ती म्हणाली. “फार लांब. भिंतीपलीकडून बोलल्यासारखं.”

पुढच्या दिवसांत लोकांना दुसरा विषयच उरला नाही. कोणी म्हणे, मांजर आहे. कोणी म्हणे, टेप आधी वापरलेली असणार, तिच्यावरचं जुनं काहीतरी वर आलं. एकानं भूत ठरवून टाकलं, तर दुसऱ्यानं कंपनीनं विक्री वाढवायला मुद्दाम घातलंय असं सांगून तिला शिव्या दिल्या. मग त्याच मेंदोसाच्या माणसानं, गादीवाल्यानं, तेवढाच तुकडा कापून, बास खाली करून, वर केला. त्याच्याखाली एकानं लिहिलं, ‘कासिल्दा म्हणतेय का ती?’ कासिल्दा हे रोसारियोजवळचंच गाव. दुसरीनं लिहिलं, ‘मला शेवटी “कळवा” ऐकू येतंय. दोनदा. कळवा, कळवा.’ त्यानंतर थट्टा करणारे हळूहळू गप्प झाले.

ओव्हिदियोनं तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. त्याला ऐकू आला तो बास, आणि आपलाच पाय, ढोलाच्या पेडलवर सावकाश पडणारा. बाकी काही नाही. त्यानं हिमेनाला फोन लावला आणि फोन मिर्नाच्या हातात दिला, कारण हिमेनाचा आवाज त्याला पोचत नसे.

“मला वाटलं होतं, तुम्ही एखादी गाणारी मुलगी मागं उभी केली असेल,” हिमेना म्हणाली. “जुन्या रेकॉर्डवर ते बासखाली दबलं होतं. मी सगळं मोकळं केलं, तसं तेही वर आलं. मिर्ना, तुझ्या वडलांना विचार, ही रेकॉर्ड केली कुठं?”

ते तर मलपृष्ठावरच छापलेलं होतं. नव्या आवृत्तीतही तसंच ठेवलं होतं. आमिल्कारनं लिहिलेल्या आभाराच्या ओळी होत्या त्या: ‘पिचिंचा भागातल्या डॉन एव्हारिस्तो लुकेसे यांना, ज्यांनी आपली जागा फुकट दिली आणि आम्हाला आवाज कमी करा असं एकदाही म्हटलं नाही.’

ओव्हिदियोला ती जागा लख्ख आठवत होती. येर्बाच्या, म्हणजे मातेच्या पाल्याच्या, गोदामामागची एक लांबट खोली. डॉन एव्हारिस्तो, ‘डॉन’ म्हणजे तिकडचं ‘राव’, जाडजूड, आनंदी माणूस. लष्कराला किराणा पुरवायचा. त्याचं राहतं घर पलीकडे होतं, आणि मधली भिंत सामाईक. तेव्हा लष्कराचं राज्य होतं, लांब केसांच्या पोरांना जिथं तिथं हाकलून द्यायचे, आणि हा माणूस त्यांना जागा देत होता, वरून सॉसेज पाठवत होता. खाता खाता पोरं जरा गप्प बसली की तो दारात यायचा. “काय रे, ही काय शांतता? जागा वाजवायला दिलीय मी! वाढवा आवाज, पोरांनो!” पोरांना वाटायचं, म्हातारा रसिक आहे.

स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ओव्हिदियोला आणखी एक गोष्ट आठवली. तो खुर्ची ओढून बसला. कधी कधी तर वाजवणं संपवून ते निघायच्या तयारीत असताना डॉन एव्हारिस्तो अजून एक गाणं वाजवायला लावायचा. तेव्हा पलीकडच्या घरासमोर एक मोटार येऊन थांबलेली असायची.

“पपा? रंग उडालाय तुझा.”

“मिर्ना,” तो म्हणाला, “तो आम्हाला आवाजासाठी ठेवत होता.”

त्याच आठवड्यात कासिल्दाहून एका बाईचं मत आलं. मत म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. ‘तो आवाज माझ्या बहिणीचा आहे. डेल्फिना सोल्दानो. मे सत्त्याहत्तरमध्ये तिला रोसारियोच्या बस थांब्यावरून उचललं. ही रेकॉर्ड करणाऱ्यांपैकी कोणी जिवंत असेल तर मला सांगा.’ खाली नाव होतं, इर्मा सोल्दानो. मिर्नानं तिला तिथल्या तिथं पत्ता कळवला.

आणि दुसऱ्या दिवशी चौथं गाणं बदललं.

कंपनीनं काही न सांगता नवी प्रत चढवली होती. शांतता तशीच होती, बास तसाच होता, बाई मात्र नव्हती. ‘तांत्रिक दोष दूर केला आहे,’ एवढंच लिहिलेलं. लोकांची मतं पुन्हा वाहायला लागली. ‘आता कसं स्वच्छ वाटतंय,’ असं लिहिणारेही निघाले. बाकीचे चवताळले. ‘दोष? ती माणूस होती!’ कोणी विचारलं, हे कोणाच्या सांगण्यावरून केलं? कंपनीनं ती सगळी मतंच पुसून टाकली आणि लिहिण्याची सोय बंद केली.

इर्मा सोल्दानो बसनं आली. सत्तरीची, पाठ ताठ, कोटाची सगळी बटणं लावलेली. ओव्हिदियोनं तिला चांगल्या खुर्चीत बसवलं. मिर्नानं मूळ गाणं आधीच उतरवून ठेवलं होतं, ते तिनं लावलं. इर्मानं मान खाली घालून ऐकलं. संपल्यावर म्हणाली, “पुन्हा लाव, बाळ.”

मग ती ओव्हिदियोकडे वळली. “आधी आपलं नाव सांगते, मग गावाचं, मग ‘आईला कळवा’. आमच्या आईनं लहानपणी पाठ करून घेतलं होतं आम्हा दोघींकडून, जत्रेत हरवलात तर असं ओरडायचं म्हणून. तुम्हाला ऐकू येतं ना?”

“नाही, बाई,” ओव्हिदियो म्हणाला. “माझे कान गेलेत.”

“तेव्हा होते ना?”

“होते. पण तेव्हा माझ्यासमोर ड्रम होते.”

इर्मानं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. रागानं नाही. आपण इतकी वर्षं जिला शोधत होतो तिच्यापासून हा माणूस एका भिंतीच्या अंतरावर बसला होता, हे ती जणू मोजून बघत होती. “आई गेली,” ती म्हणाली. “तिला कोणी कळवलं नाही. आता ते घर कुठं आहे ते दाखवा.”

तिघं टॅक्सीनं पिचिंचात गेली. गोदाम बंद होतं. त्याच्यावर मोठा फलक लागला होता: वीस मजली इमारत, नदीचा देखावा, लुकेसे आणि मुलगा. पत्र्याच्या कुंपणाआड पिवळं पाडकामयंत्र येऊन उभं होतं. इर्मानं पत्र्याच्या फटीतून आत बघितलं. समोरच्या फुटपाथवर एक काळी गाडी उभी होती. आतला माणूस काच खाली करून शांतपणे त्यांचे फोटो काढत होता, आणि ते लपवायचीही त्याला गरज वाटत नव्हती.

शनिवारी सकाळी मिर्ना बाजारात गेलेली असताना तोच माणूस ओव्हिदियोच्या दारात उभा राहिला. पन्नाशीचा, सुरेख सदरा, हातात गोड पावांचं खोकं. घंटा ऐकू येत नाही हे त्याला माहीत असावं. त्यानं खिडकीच्या काचेवर बोटांनी टकटक केलं, आणि ते जाणवून ओव्हिदियो वळला.

“मार्सियानो लुकेसे,” तो म्हणाला. तोंड नीट दिसेल असा समोर राहून, सावकाश बोलत होता. “डॉन ओव्हिदियो, वडील तुमची फार आठवण काढतात. नव्वदीला आलेत, पण तुम्हा पोरांचं नाव निघालं की डोळे भरतात.”

“जिवंत आहेत का?”

“आहेत, देवाच्या कृपेनं. घरीच असतात.” त्यानं खोकं टेबलावर ठेवलं आणि न विचारता बसला. “कोण कुठली बाई, जुन्या दुःखानं डोकं फिरलेलं, आणि इंटरनेटवरची रिकामटेकडी पोरं. कोणाला मांजर ऐकू येतं, कोणाला भूत, कोणाला बहीण. तुम्ही तर तिथं बसला होता. तुम्हाला काय ऐकू येतं?”

“काही नाही.”

“झालं तर मग!” मार्सियानो हसला. “कोणी विचारलं तर हेच खरं ते सांगा. मला काही ऐकू येत नाही, म्हणा. तुम्हाला खोटंसुद्धा बोलावं लागत नाही. किती सोपं आहे बघा.”

मार्सियानोनं खोलीवरून नजर फिरवली. भिंतीवर मिर्नाचा तिच्या वर्गाबरोबरचा फोटो होता. उठून त्यानं तो जवळून पाहिला.

“सान मार्तिनच्या कोपऱ्यावरची शाळा ना? चांगली आहे. चालत जाते, नाही का, मुलगी? त्या रस्त्यावर मोटारी फार वेगानं हाकतात हल्ली.” त्यानं फोटोची चौकट बोटानं सरळ केली. “पाव ताजे आहेत, डॉन ओव्हिदियो. खाऊन घ्या.”

तो गेल्यावर ओव्हिदियोनं टेबलावर बोटांनी एक जुना ठेका धरून बघितला. आयुष्यात पहिल्यांदाच, त्या हातांना ताल सापडत नव्हता. मिर्ना आल्यावर त्यानं सगळं सांगितलं, शाळेचं आणि मोटारींचंही. सांगितलं, आणि म्हणाला, “आपण गप्प बसूया. तू म्हणशील तर गप्प बसूया.”

मिर्नानं भाजीची पिशवी खाली ठेवली. गोड पावांचं खोकं उचललं, मागच्या अंगणात नेलं आणि कचऱ्यात उपडं केलं. मग आत येऊन म्हणाली, “सोमवारपासून मी सहकाऱ्यांबरोबर बसनं जाईन. आणि तू कोट काढून ठेव, सरकारी वकिलाकडे जायचंय. हिमेनाला आज बोलावून घेऊया.”

हिमेना त्याच संध्याकाळी ब्वेनोस आइरेसहून आली. काटकुळी, केस कापलेली मुलगी. तिच्या पाठपिशवीत टेपांची कच्ची, न साफ केलेली नक्कल होती. कंपनीनं ती पुसून टाकायला सांगितलं होतं.

“पुसली का?” ओव्हिदियोनं विचारलं.

“पुसली म्हणून सांगितलं त्यांना,” ती म्हणाली. “नोकरी गेलीच आहे. काळजी करू नका, मला शिव्या घालणारे कमी नव्हतेच. इस्पितळातली चादर म्हणतात मला!”

सोमवारी दुपारी इर्मालाही बोलावून चौघं मिळून सरकारी वकिलाकडे गेली. तिथल्या वकीलबाई, प्युएनसालिदा, लष्कराच्या काळात नाहीशा झालेल्यांच्या जुन्या खटल्यांचंच काम बघायच्या. मानेपर्यंत फायली. आधी त्या कागद चाळत ऐकत होत्या. मग हिमेनानं कच्ची टेप लावली. साफ केलेल्यापेक्षा तिच्यावर आवाज जास्त स्पष्ट होता, कारण तिच्यात बास वेगळा काढून बंद करता येत होता. बाई उठल्या, त्यांनी दार लावून घेतलं आणि पुन्हा ऐकलं.

“डॉन ओव्हिदियो, तुम्ही शपथेवर काय सांगू शकता?”

ओव्हिदियोनं सांगितलं ते सगळं सरळ होतं. जागा कोणाची, भिंत कोणती, ड्रम कुठं मांडले होते, आणि तो माणूस दारात येऊन काय म्हणायचा. “मला आता ऐकू येत नाही,” तो म्हणाला, “पण त्यानं काय सांगितलं ते तेव्हा ऐकू आलं होतं. तो म्हणायचा, आवाज वाढवा. मोटार आली की जास्तच.”

पाडकामाला मनाईचा हुकूम निघायला वेळ लागला नाही, तरी तेवढ्यातही गोदामाचं अर्धं छप्पर उतरवलेलं होतं. न्यायालयाची माणसं आत गेली तेव्हा कुंपणाबाहेर इर्मा उभी होती, कोटाची सगळी बटणं लावून. ओव्हिदियोला आत नेलं, जागा ओळखायला. खोली त्याच्या आठवणीपेक्षा फारच लहान निघाली. गाद्या कधीच कुजून गेल्या होत्या, त्यांचे खिळे मात्र भिंतीत होते. जिथं ड्रम होते तिथं तो जाऊन उभा राहिला, आणि तिथून बोट दाखवलं.

बाकी सगळ्या भिंती जाड होत्या, दुहेरी विटांच्या. ती सामाईक भिंत तेवढी एकेरी. वर, छपरालगत, हवेसाठी ठेवलेलं एक भोक होतं, गच्च कोंबून बुजवलेलं. एका माणसानं शिडीवर चढून त्यातला बोळा काढला. सत्त्याहत्तर सालची वर्तमानपत्रं निघाली, खालच्या बाजूनं काळी पडलेली. पलीकडे होती एक अरुंद खोली. जमिनीपासून छतापर्यंत पांढऱ्या फरश्या, बाहेरून विटांनी चिणलेलं दार, आणि भिंतीत घट्ट बसवलेल्या लोखंडी कड्या. शिडीवरचा माणूस खाली उतरून बाहेर गेला आणि पत्र्याला टेकून ओकला.

डेल्फिना सापडली नाही. फरशीखाली खणून बघितलं, अंगण खणलं. हाडं सापडली, त्यातली जी ओळखू आली ती दुसऱ्यांच्या घरच्या माणसांची निघाली. एव्हारिस्तो लुकेसेला घरातच अटकेत ठेवलं. त्यानं न्यायाधीशासमोर एकच वाक्य सांगितलं, आपल्याला संगीत आवडायचं. मार्सियानोवर धमकीची तक्रार दाखल झाली आणि ती अजून कुठंतरी फिरते आहे. मिर्ना अजून बसनंच जाते. कंपनी बुडाली. गाणं मात्र मूळ रूपात पुन्हा आलं आणि त्याच्याखाली मतं लिहिण्याची सोय कोणीच उघडली नाही.

खरा धक्का त्यानंतर बसला. एका दुपारी वकीलबाईंनी विचारलं, “या रेकॉर्डवर आठ गाणी आहेत. तुम्ही तिथं वाजवलं किती दिवस?”

“महिनोन् महिने,” ओव्हिदियो म्हणाला. “जमेपर्यंत तेच तेच. टेप चालूच असायची.”

“त्या टेपा?”

हिमेनानं मान डोलावली. होत्या. कपाटभर. कंपनीनं विकून टाकण्याआधी तिनं त्या सगळ्या मूळ टेपांबरोबर न्यायालयात पोचवल्या होत्या, आणि त्या अजून कोणी ऐकल्या नव्हत्या.

आता ते काम चालू आहे. न्यायालयाच्या मागच्या बाजूच्या एका खोलीत हिमेना एकेक टेप लावते. समोर त्या वर्षी ज्यांची माणसं गेली ती घरं येऊन बसतात, कानांवर साधनं चढवून. कोणी मुलाचा फोटो मांडीवर ठेवतं, कोणी नुसतं जमिनीकडे बघतं. इर्मा रोज असते. बहिणीचं ऐकून झालं तरी ती येते आणि नव्यानं आलेल्यांच्या शेजारी बसते.

ओव्हिदियोही रोज जातो. त्याला माणसांचे आवाज ऐकू येत नाहीत, पण साधनांतून बास येतो, आणि ती गाणी त्याच्या अंगात आहेत. बँड शांत असतो तेव्हा सगळे श्वास धरून ऐकत असतात, आणि त्याच वेळी पुढं कुठं ड्रम कोसळणार आहेत ते फक्त त्याला माहीत असतं. ती जागा येण्याआधी तो हात वर करतो. सगळेजण झटकन कानांवरची साधनं काढतात, आणि खोलीत टेपेचं चाक तेवढं फिरत राहतं.

काल दुसऱ्या टेपेच्या मध्यात त्यानं हात वर केला, तेव्हा एका म्हाताऱ्यानं साधनं काढली नाहीत. तो दोन्ही हातांनी ती कानांवर घट्ट दाबून बसला होता. तोंड उघडं. आवाज त्याच्या कानांत फुटत असणार, पण तो हलला नाही. ओव्हिदियोनं पुन्हा हात हलवला. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे न बघता मान हलवली, नको.

“कोणी आहे का?” ओव्हिदियोनं इर्माला विचारलं.

तिनं आपली साधनं पुन्हा कानांवर चढवली, ड्रमांच्या आडून ऐकलं आणि त्याच्याकडे वळून ओठ नीट हलवत सांगितलं, “एकजण नाही. बरेच आहेत.”